ज्वालामुखीतलं चर्च: फोटो खरा, मजकूर खोटा

‘स्पेनमध्ये धगधगत्या ज्वालामुखीच्या तोंडात हजार वर्षांपासून एक चर्च उभं आहे. कितीदा लाव्हा उसळला, पण त्याचा एक दगड हलला नाही. एका साधूने ज्वालामुखी शांत करण्यासाठी ते बांधलं. शास्त्रज्ञही चकित!’ या महिन्यात हा मजकूर मला तीन ग्रुपवर आला. सोबत वरून टिपलेला फोटो: झाडांच्या कड्यात हिरवंगार गोल कुरण आणि मधोमध काडेपेटीएवढी दगडी इमारत.

फोटो खराच आहे. जागा स्पेनच्या ईशान्येकडच्या कॅटलोनिया प्रांतातल्या गार्रोचा भागातली, सांता पाउ गावाजवळची. ज्वालामुखीचं नाव सांता मार्गारिदा. विवराचा परीघ सुमारे २ किलोमीटर. झाडीतून चढत काठावर यायचं, मग तेवढंच आत उतरायचं, की पायाखाली एकदम सपाट गवत लागतं.

आता ‘धगधगता’. इथला शेवटचा उद्रेक होऊन ११ हजार वर्षं तरी झाली. मूळ चर्च मध्ययुगातलं, रोमनेस्क (जाड भिंती, गोल कमानींच्या) घडणीचं. म्हणजे दोघांच्या वेळांत किमान १० हजार वर्षांचं अंतर. गाठच पडली नाही, तर लाव्हा वळसा घालून जाणार कुठून? शिवाय सांता मार्गारिदाचा उद्रेक मुख्यतः स्फोटांचा होता. वर येणाऱ्या शिलारसाला भूजल भेटलं, पाण्याची वाफ झाली आणि जमीन फुटली. लाव्ह्याचा मोठा लोट आला तो शेजारच्या क्रोस्कात ज्वालामुखीतून. त्याच्यावर आज बीच वृक्षांचं दाट जंगल आहे.

पण मला खरी गंमत वाटते ती ‘एक दगड हलला नाही’ या वाक्याची. दगड हलले, नुसते हलले नाहीत, खाली आले. मार्च १४२७ पासून या भागात धक्के बसत होते. मे महिन्यात शेजारचं ओलोत शहर जमीनदोस्त झालं. मग २ फेब्रुवारी १४२८ ला, कँडलमासच्या सणादिवशी, सगळ्यात मोठा धक्का आला. लोक सणासाठी चर्चमध्ये जमलेले, म्हणून कित्येक ठिकाणी छतंच त्यांच्या अंगावर पडली. सुमारे १०० किलोमीटरवरच्या बार्सिलोनात सांता मारिया देल मार चर्चची भली मोठी गोल खिडकी कोसळली आणि तिच्याखाली माणसं मेली. विवरातलं हे चर्च त्याच भूकंपात पडलं. आज फोटोत दिसतं ते १८६५ साली पुन्हा बांधलेलं. हजार वर्षं सोडा, दोनशेसुद्धा भरलेली नाहीत.

यावर ‘म्हणजे शेवटी ज्वालामुखीनेच पाडलं ना?’ असंही एकाने विचारलं. नाही. ते धक्के स्पेन-फ्रान्स सीमेवरच्या पिरेनीज पर्वताच्या परिसरातल्या भूभ्रंशांचे, म्हणजे जमिनीखालच्या खडकांतल्या भेगा सरकल्याचे होते. उद्रेक वगैरे काही झाला नाही.

साधूची गोष्ट बहुधा शब्दातून निघाली असावी. कॅटलान लोक याला ‘एरमिता’ म्हणतात. शब्दकोशात त्याचा अर्थ संन्याशाची मठी असा सापडतो, पण बोलण्यात गावाबाहेरच्या, रानातल्या कुठल्याही छोट्या चर्चला एरमिताच म्हणतात. आपल्या वेशीबाहेरच्या देवळाचं नाव ‘मठ’ असलं म्हणून तिथे गोसावी राहत होता असं थोडंच ठरतं?

राहिलं ज्वालामुखी शांत करणं. त्यासाठी आधी तो ज्वालामुखी आहे हे कळायला हवं. या टेकड्यांचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस. ओलोतचेच औषधविक्रेते फ्रान्सेस्क बोलोस यांनी त्यावर लिहिलं, आणि १८३० मध्ये ब्रिटिश भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल पाहायला आले. हां, जिच्या नावाचं हे चर्च आहे त्या संत मार्गारेटला (सांता मार्गारिदा) ड्रॅगनने गिळलं आणि ती त्याचं पोट फाडून सुखरूप बाहेर आली, अशी दंतकथा आहे खरी. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला ती ठाऊक नव्हती हे आपलं नशीब.

आणि खाली कुणीतरी ‘स्पेनचं लोणार’ असं जोडलंय. लोणारचं विवर उल्केच्या आघाताचं आहे. हे नाही.