मी १९७५ चं सिंगापूर मागते आहे

कॉलेजच्या जुन्या मित्रमैत्रिणींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकाने साधी सूचना टाकली. पणजीत १८ जून रस्ता, चर्च स्क्वेअर आणि म्युनिसिपल मार्केटचा भाग दिवसा खासगी मोटारींना बंद करावा, आणि ज्यांना आत यायचंच आहे त्यांनी पैसे भरावेत. त्यावर जे सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. धंदा बुडेल. आधी बस द्या. एवढ्या उन्हात चालणार कोण? आधी टुरिस्टांच्या रेंट-अ-कार हटवा. मी इथून, सिंगापुरातून, मध्ये दोन ओळी लिहिल्या, तर लगेच उत्तर आलं: "बाई, गोवा म्हणजे सिंगापूर नव्हे. तिथे बसून आम्हाला शिकवू नकोस."

शिकवू नकोस हे मी ऐकून घेईन. पण "गोवा म्हणजे सिंगापूर नव्हे" हे मला झोंबलं, कारण ते म्हणणाऱ्याला सिंगापूरबद्दल काहीच ठाऊक नाही. त्याच्या डोळ्यांपुढे एमआरटी म्हणजे इथली मेट्रो आणि काचेच्या इमारती असतात. त्यांच्याकडे पैसा आहे, त्यांना परवडतं, असं म्हणून तो मोकळा होतो. इथे शहराच्या मध्यात मोटार घालायला पैसे पडू लागले २ जून १९७५ पासून. एमआरटीची पहिली गाडी धावली नोव्हेंबर १९८७ मध्ये. मधली बारा वर्षं लोक बसनेच कामावर गेले. आणि त्या बस तरी कशा होत्या? १९७१ पर्यंत इथे अनेक छोट्या खासगी कंपन्यांच्या बस एकमेकींच्या पुढे धावून उतारू पळवत होत्या. सरकारने त्यांना आधी तीन-चार कंपन्यांत आणि मग १९७३ मध्ये एकाच कंपनीत आणलं. पुढच्या दोन वर्षांत मोटारींवर बंधन आलं. फोंडा-पणजी मार्गावर ज्याने प्रवास केला आहे, त्याला हे चित्र परकं वाटू नये.

ते बंधन राबवलं कसं, तेही सांगते. सकाळी साडेसातपासून त्या भागात शिरणाऱ्या मोटारीच्या काचेवर दिवसाचा तीन डॉलरचा कागदी परवाना चिकटवलेला लागे. तो पोस्टात मिळे, पेट्रोल पंपावर मिळे. प्रवेशाच्या रस्त्यांवर कमानी होत्या. तिथे माणसं उभी राहून काचेकडे बघत आणि परवाना नसेल तर गाडीचा नंबर टिपून घेत. कॅमेरे नव्हते. हे २३ वर्षं असंच कागदावर चाललं, १९९८ मध्ये ईआरपी, म्हणजे गाडीतूनच आपोआप पैसे कापणारी यंत्रणा, आली तोवर. मोटारीत चौघं असली तर परवाना माफ होता. मग मोटारवाले बसथांब्यावर थांबून रांगेतल्या अनोळखी माणसांना आत बसवून घेऊ लागले. आमच्या ब्लॉकखालच्या कोपीतियाममध्ये, म्हणजे इथल्या साध्या कॉफीच्या हॉटेलात, रोज सकाळी काळी कॉफी घेऊन बसणारे एक आजोबा तेव्हा शहराच्या मध्यात शेंटन वेवर कारकून होते. असं फुकट बसून कामावर गेल्याचं ते अजून रंगवून सांगतात. सुरुवातीच्या काही महिन्यांतच त्या वेळेत आत शिरणाऱ्या मोटारी चाळीस टक्क्यांहून अधिक कमी झाल्या. रस्त्यावर हात केला की लिफ्ट देणाऱ्या गोव्याला हे जमणार नाही, असं मला कुणी सांगू नये.

आणखी एक गोष्ट, कारण ग्रुपवर "आधी पार्किंग बांधा" हाही सूर आहेच. इथेही तेव्हा शहराच्या कडेला मोठे वाहनतळ बांधले, तिथून आत जायला खास बस ठेवल्या. तळ रिकामे राहिले. लोकांनी कामावर जायची वेळ बदलली, चौघं मिळून गेले, नाहीतर घराजवळूनच नेहमीची बस धरली. गाडी घेऊन निघालेला माणूस वाटेत ती ठेवून बस धरत नाही. पणजीत पाटोवर बहुमजली पार्किंग उभं आहे, आणि माझा दादा, पणजीत नोकरी करणारा शहाणा माणूस, तिथे गाडी लावायची सोडून मार्केटला तीन फेऱ्या मारतो. रस्त्यावर जागा मिळण्याची आशा असेपर्यंत तो मारणारच.

सिंगापूरचं नाव काढलं की घरच्यांना सीओई आठवतं, आणि इथेच सगळा घोळ होतो. मोटार बाळगण्याचा दहा वर्षांचा परवाना लिलावात घ्यायचा ही पद्धत १९९० ची. २०२३ मध्ये छोट्या मोटारीचा परवाना एक लाख डॉलरच्या पुढे गेला. आपले साठ लाखांहून जास्त रुपये, मोटारीची किंमत वेगळी. लिलावाचा निकाल लागला त्या बुधवारी दुपारी चारनंतर ऑफिसात दुसरा विषय नव्हता. गोव्यासाठी हे कुणीही मागत नाही, मीही नाही. दारात गाडी असणं ही एक गोष्ट आहे आणि ती शहराच्या कुठल्याही गल्लीत फुकट घुसवणं ही दुसरी. पहिलीला हात न लावता दुसरीला आवर घालता येतो, हे १९७५ मध्ये सिद्ध झालेलं आहे. मी १९७५ चं सिंगापूर मागते आहे, आजचं नव्हे.

"आम्हाला परवडत नाही" या युक्तिवादाचं तर मला नवलच वाटतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत गोव्यातल्या ४५ टक्के कुटुंबांकडे मोटार निघाली. देशाची सरासरी साडेसात टक्के आहे आणि सर्व राज्यांत गोवा पहिला. सिंगापुरात सुमारे एक तृतीयांश घरांत मोटार आहे. म्हणजे मोटारींच्या बाबतीत श्रीमंत आपण आहोत. काळ्या पाटीच्या रेंट-अ-कार डिसेंबरात पणजीच्या मांडवीवरच्या अटल सेतूवर काय करतात ते मीही पाहिलं आहे आणि त्यांच्यावर नियम हवेतच. पण जुलैच्या पावसात मंगळवारी सकाळी साडेनऊला सांतइनेजला जी रांग लागते, त्यात टुरिस्ट किती? त्या गाड्या आपल्याच आहेत. बहुतेकींत एकटा माणूस बसलेला असतो.

ऊन-पावसाचंही ऐकून घ्या. सिंगापूर विषुववृत्ताला खेटून आहे आणि इथे वर्षभर घाम येतो. तरी लोक चालतात, कारण एमआरटीपासून ब्लॉकपर्यंत डोक्यावर छप्पर असतं. १८ जून रस्त्यावर बऱ्याच इमारतींना खाली कमानींचे वऱ्हांडे आहेत. सावलीतून चालायची सोय आधीपासूनच आहे. मागच्या चवथीला मी आईला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. सत्तरी ओलांडलेली बाई. वऱ्हांड्यात चढली तर पुढे तीन स्कूटर आडव्या लावलेल्या, त्यापलीकडे दुकानातली नायटी घातलेली बाहुली आणि खोक्यांची चळत. खाली उतरावं तर पदपथाला नाक लावून गाड्या. दोन गाड्यांच्या बंपरमधून ती साडी आवरत तिरकी होऊन निघाली, आणि तिच्या पदराला चाकाची काळी रेघ लागली. "पूर्वी मी तुला घेऊन या रस्त्याने नीट चालत जायचे," एवढंच ती म्हणाली. २०११ च्या जनगणनेत जेमतेम चाळीस हजार वस्ती असलेलं शहर. तिथे माझ्या आईला चालायला फूटभर जागा नाही, आणि ग्रुपवर आमची चर्चा कुणाच्या हक्कावर गदा येते याची.

आता "आधी बस द्या". या एका आक्षेपापुढे मी थांबते, कारण तो खरा आहे. संध्याकाळी आठनंतर गावाकडे बस मिळणं कठीण. पाटोवरच्या ऑफिसातून नऊला सुटणाऱ्या मुलीने फोंड्याला जायचं कसं? ती स्कूटर घेणारच, आणि तिची आई तिच्या वाटेकडे डोळे लावून बसणारच. गोव्यात वर्षाला अडीचशेहून अधिक माणसं रस्त्यावर मरतात, त्यांतली बहुतेक दुचाकीवरची. सिंगापुरात लोकसंख्या चौपट आणि २०२३ मध्ये मृत्यू १३६. रात्रीची बस नसण्याची किंमत आपण अशी मोजतो आहोत.

पण "आधी बस" म्हणणाऱ्यांपैकी किती जण बससाठी कधी भांडले? सरकारी बस चालवणारं कदंब महामंडळ १९८० पासून आहे. पणजीच्या स्थानकावर मडगाव शटलची रांग पाहा. खिडकीवर तिकीट घ्यायचं, रांगेत उभं राहायचं, सीट भरल्या की बस सुटते आणि वाटेत थांबत नाही. कुणी घुसत नाही. "आपल्या लोकांना शिस्त नाही" म्हणणाऱ्याने संध्याकाळी साडेपाचला तिथे पंधरा मिनिटं उभं राहावं. मी कॉलेजला असताना फोंड्यातल्या तिस्कावरून खासगी बस धरायची. कंडक्टर पत्र्यावर हात आपटत "फाटीं वच, फाटीं वच" (मागे सरक) ओरडायचा, फर्मागुडीपर्यंत बस रांगायची आणि मागची बस दिसली की बाणस्तारीपर्यंत उधळायची. त्याच बसने आमचे प्राध्यापक येत, बँकेतले साहेब येत, मासे घेऊन बायका येत. हळूहळू ज्यांचं कुणी ऐकतं ती माणसं बसमधून उतरली आणि मोटारीत बसली. बस बिघडली ती तेव्हापासून. साहेबाला पुन्हा तिची गरज पडली तर पुढच्या महिन्यात फोंड्याला रात्री साडेदहाची बस सुरू होईल, याची मला खात्री आहे. म्हणून मी म्हणते की बंधन आणि बस एकाच दिवशी आणा. बस येईपर्यंत थांबलो तर आपण आणखी वीस वर्षं थांबू.

"तुझ्या घरी गाडी आहे ना?" हे ग्रुपवर कुणी विचारलं नाही, दादाने फोनवर विचारलं. आहे. मी पाठवलेल्या पैशांतूनच घेतली. बाबांना रात्री छातीत कळ आली तेव्हा त्याच गाडीतून दादा-वहिनींनी त्यांना बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, नेलं. मी इथे सिंगापुरात पुंगोलच्या घरात फोन हातात धरून बसले होते. त्या रात्री ती गाडी दारात नसती तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही पूर्ण करू शकत नाही. गाडीची किंमत मला कुणी शिकवायला नको. पण बांबोळीला जाणारी गाडी कुणी अडवत नाही. अडवायची आहे ती मार्केटला तीन फेऱ्या मारणारी.

दादाचं खरं म्हणणं वेगळं होतं आणि ते त्याने शेवटी बोलून टाकलं. "तू गेलीस. जे राहिले त्यांना ठरवू दे." यावर मला चटकन उत्तर सुचलं नाही. फोंड्याच्या मतदार यादीतून माझं नाव केव्हाच उडालं. इथे आमच्याकडे निळं आयसी, म्हणजे कायम रहिवाशाचं ओळखपत्र आहे, मत नाही. मुलाला एनएसचं, म्हणजे सक्तीच्या राष्ट्रीय सेवेचं, पत्र येईल, तो दोन वर्षं या देशासाठी देईल, आणि मग त्याचं गाव कुठलं हे तोच सांगेल. बसचं भाडं वाढतं तेव्हा मला कुणी विचारत नाही, आणि मी मुकाट कार्ड टॅप करून पुढे जाते. इथे सगळं सुरळीत चालतं, आणि जे चालतं त्यात माझा शब्द कुठेच नसतो. मला भांडावंसं वाटतं ते पणजीसाठीच. चर्चच्या पायऱ्यांवर मैत्रिणींची वाट पाहत उभी राहायचे ते शहर माझं आहे, आणि पासपोर्ट कुठला किंवा पगार कुठे मिळतो यावरून ते दुसऱ्याचं होत नाही. निम्मा गोवा कुठे ना कुठे बाहेर आहे. आमचे पैसे चालतात, त्यांतून घेतलेल्या गाड्या चालतात, तर त्या गाड्यांबद्दलचं आमचं बोलणंही चालवून घ्या.

एक गोष्ट मात्र मी दादाजवळ मान्य केली. १९७५ मध्ये इथल्या सरकारला लोकांची फारशी मनधरणी करावी लागली नाही. गोव्यात तसं होणार नाही आणि होऊही नये. आपल्या लोकांनी रस्त्यावर उतरून २००७ मध्ये जमीनवापराचा 'प्रादेशिक आराखडा २०११' रद्द करायला लावला, त्याच वर्षाच्या शेवटी सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रं, रद्द करायला लावली. तेव्हा गावागावांतले लोक आपल्या टेकड्या आणि शेतं वाचवायला उठले होते. मोटारींचा प्रश्न त्याच लोकांनी, तसाच चव्हाट्यावर बसून सोडवावा, एवढंच मला हवं आहे. इथे वरून आलं ते तिथे खालून येऊ शकतं, आणि तसं आलं तर मला सिंगापूरपेक्षा गोव्याचा जास्त अभिमान वाटेल.

म्हणून काल ग्रुपवर पुन्हा लिहिलं. महिन्यातला एक शनिवार घ्या. फक्त १८ जून रस्ता, सकाळी नऊ ते सात. रहिवासी, रुग्ण, अपंग, मालाच्या गाड्या आणि मोटारसायकल पायलट (दुचाकीवरून उतारू नेणारे) यांना मोकळीक. त्या दिवशी कदंबने फोंडा, म्हापसा आणि मडगावला साडेदहाची शेवटची बस सोडावी. दुकानदारांनी आपापला गल्ला मोजावा आणि तीन महिन्यांनी आकडे सगळ्यांपुढे ठेवावेत. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग त्या रस्त्यावर कापडाचं दुकान असलेल्या वर्गमित्राने लिहिलं, शनिवार धंद्याचा दिवस, तो नको, बुधवार असेल तर असोसिएशनमध्ये विषय काढतो. बुधवार चालेल, असं मी त्याला कळवलं आहे.