'आपल्याकडे नाही' एवढ्यावर वाचकाला परत पाठवू नका

खान्देशातल्या सार्वजनिक ग्रंथालयांत काम करणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय.

देवघेवीच्या टेबलाशी वाचक पुस्तक विचारतो, आपण 'आपल्याकडे नाही' म्हणतो आणि तो जिना उतरतो. हे थांबायला हवं. शासनाच्या वर्गवारीतल्या 'क' किंवा 'ड' वर्गाच्या ग्रंथालयाला मिळणाऱ्या अनुदानात सगळं विकत घेता येत नाही, मान्य. पण पुस्तक कुठे मिळेल हे शोधून सांगायला अनुदान लागत नाही.

स्थानिक इतिहासाच्या मागणीत सगळ्यात जास्त घोळ नावांचा होतो. १९०६ पर्यंत खान्देश हा एकच जिल्हा होता. नंतर पूर्व आणि पश्चिम खान्देश झाले: आजचं जळगाव म्हणजे पूर्व, धुळे-नंदुरबार म्हणजे पश्चिम. नंदुरबार जिल्हा तर १९९८ मध्ये झाला. १९३० सालचं काही 'नंदुरबार जिल्हा' टाकून शोधलं तर हाती काय लागणार? जुन्या इंग्रजी छपाईत धुळ्याचंही 'धुलिया' आहे. १८८० चं खान्देश गॅझेटिअर, म्हणजे मुंबई इलाख्याच्या मालिकेतला बारावा खंड, इंटरनेट अर्काइव्ह या संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. अहिराणीवर काम करणाऱ्याला ग्रियर्सनच्या भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणाचा नववा खंड, तिसरा भाग (१९०७) दाखवा. त्यात आपली बोली 'खान्देशी' या नावाखाली, भिल्ली बोलींच्या सोबत आहे. 'अहिराणी' टाकून शोधणाऱ्याला तो भाग बहुतेक सापडतच नाही.

जुन्या मराठी पुस्तकाचं नाव अर्धवट आठवत असेल तर आधी शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची बघा. पहिल्या भागात १८०० ते १९३७ मधली पुस्तकं आहेत. नाव, लेखक, साल पक्कं झालं की मग संगणकावर जा. अर्काइव्हवरच्या स्कॅन केलेल्या पुस्तकांची मराठी शीर्षकं रोमन लिपीत वाटेल तशी लिहिलेली असतात, म्हणून लेखकाचं आडनाव दोन-तीन स्पेलिंगांनी टाकून बघावं लागतं. फाइल देण्याआधी शीर्षकपान, अनुक्रमणिका आणि शेवटचं पान उघडून बघा, पानं गळालेली असतात. पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर आहेत, पण तिथे प्रत्येक प्रकरणाची फाइल वेगळी असते. पहिलीच फाइल उतरवून 'एवढंच आहे' असं वाचकाला वाटू देऊ नका.

संस्थेकडे पाठवायचं असेल तर तोंडी पाठवू नका. 'धुळ्याला मिळेल कुठेतरी' याला मी माहिती देणं म्हणत नाही. तळोद्याहून धुळ्याला जाऊन यायचं तर माणसाचा दिवस जातो आणि रोजही बुडतो. आधी आपण फोन करायचा, मग चिठ्ठी द्यायची: संस्थेचं नाव, कोणाला भेटायचं, कोणत्या वारी, किती वाजता, ग्रंथाचं पूर्ण नाव आणि साल, सोबत काय न्यायचं. लेटरहेडवर सही-शिक्क्याचं शिफारसपत्र जोडा. धुळ्यातच राजवाडे संशोधन मंडळ आहे, समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी परंपरेची हस्तलिखितं आहेत. अशा ठिकाणी पोथी घरी मिळत नाही आणि फोटो काढायला आधी परवानगी लागते. कागद मोडीत असेल तर वाचून देणारा कोण, हेही आपणच शोधून ठेवायचं.

शेजारच्या ग्रंथालयाकडून पुस्तक आणायचं तर ते वाचकाच्या नावे नको, ग्रंथालयाच्या नावे आणा. वाचकाकडून अनामत घ्या, पावती द्या, आणि त्याला परतीची तारीख मूळ तारखेच्या चार दिवस आधीची सांगा. पुस्तक नेताना-आणताना दोन्हीकडच्या रजिस्टरात पानांची अवस्था लिहा. ही व्यवस्था बंद पडते ती फाटलेल्या पानावरून झालेल्या भांडणामुळे.

पुस्तक दुर्मीळ असेल तर प्रतीचा विचार करा. भारतात विक्रीला नसलेल्या पुस्तकाच्या, ग्रंथालयाच्या वापरासाठी, जास्तीत जास्त तीन प्रती करायला ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला कॉपीराइट कायदा परवानगी देतो. आणि लेखक हयात असताना छापलेल्या पुस्तकाचा हक्क त्याच्या मृत्यूच्या वर्षानंतर ६० वर्षांनी संपतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेली पुस्तकं २०११ पासून मोकळी आहेत. नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि टिपा मात्र मोकळ्या नसतात.

शेतकऱ्यांसाठी उत्तर बहुतेक वेळा पुस्तकात नसतंच. यावल-रावेरचा माणूस केळीवरच्या सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) रोगाबद्दल विचारतो तेव्हा कपाटातलं जुनं 'केळी लागवड' काढून देऊ नका. या विषाणूवर औषध नाही, मावा आटोक्यात ठेवावा लागतो आणि रोगट झाडं उपटून नष्ट करावी लागतात. त्यात दिवस घालवून चालत नाही. जळगावच्या केळी संशोधन केंद्राचा आणि पालच्या कृषी विज्ञान केंद्राचा नंबर टेबलावर हवा, आणि फोन आपण लावून द्यायचा. दृष्टिहीन वाचकाला 'सुगम्य पुस्तकालय' या ऑनलाइन ग्रंथालयात नाव नोंदवायला मदत करा, तिथे ऐकण्याची आणि ब्रेलची पुस्तकं आहेत.

या सगळ्यासाठी एक वही पुरे. मागणी, कुठे पाठवलं, मिळालं का? तिसरा रकाना आठवड्याने वाचकाला फोन करून भरायचा, आणि जिथून दोनदा रिकाम्या हाती परतावं लागलं त्या ठिकाणी पुढचा वाचक पाठवण्याआधी पुन्हा चौकशी करायची.