आरएक्स १००वर बंदी कोणी घातली होती?

‘पोलिसांना चोर पकडता येईनात म्हणून सरकारने बंदी घातलेली एकमेव गाडी! पियानोवाल्या कंपनीने तिचा सायलेन्सर सुरात लावला होता. शंभर टक्के अस्सल जपानी डिझाइनचं घराणं. जपानचं इंजिन मिळालं तर सोडू नका!’ यामाहा आरएक्स १००बद्दलचा हा मेसेज परवा पुन्हा आला, तोही घरच्या ग्रुपवर. गाडी माझीही लाडकी. क्लच सोडायला मी काकांच्या आरएक्सवरच शिकलो. पण यातलं बरंचसं खरं नाही.

आधी बंदी. १९८५च्या नोव्हेंबरात यामाहाची इथली भागीदार कंपनी एस्कॉर्ट्सने आणलेली ही गाडी मार्च १९९६मध्ये बंद झाली. आता पुढचा महिना बघा. एप्रिल १९९६पासून दुचाकींच्या धुराचे निकष कडक झाले: किलोमीटरमागे कार्बन मोनॉक्साइड ४.५ ग्रॅम, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड मिळून ३.६ ग्रॅम. आरएक्ससारख्या जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांची अडचण इथेच होती. पिस्टन खाली असताना आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या वायूंची दारं एकाच वेळी उघडी असतात. त्यामुळे थोडं ताजं पेट्रोल न जळताच धुराबरोबर निघून जातं, शिवाय ऑइल जळतं ते वेगळंच. आमच्या गल्लीतला मिस्त्री सायलेन्सरमधली नळी बाहेर काढून विस्तवात लालबुंद करायचा, मग फरशीवर आपटायचा. काळ्या खपल्यांचा ढीग पडायचा. निकष कशासाठी आले, ते त्या ढिगाकडे बघूनच कळावं.

आणि चोरांमुळे बंदी आली असेल, तर तिच्यानंतर आरएक्सजी आणि आरएक्स १३५ कशा विकल्या गेल्या? चेहरामोहरा तोच, इंजिन टू-स्ट्रोकच, तेही १३२ सीसीचं. म्हणजे चोरांना सरकारनेच मोठी गाडी दिली म्हणायची!

पियानोची गोष्ट मात्र अर्धी खरी आहे, आणि खरा भाग जास्त रंगतदार आहे. तोराकुसु यामाहा यांनी १८८७मध्ये हामामात्सुच्या एका शाळेतला परदेशी ऑर्गन दुरुस्त केला. आपल्या बाजाच्या पेटीचाच हा भाऊबंद. त्यातून निप्पोन गाक्की ही वाद्यांची कंपनी उभी राहिली. महायुद्धात तिने विमानांचे पंखे बनवले. युद्धानंतर ती यंत्रं पडून होती, म्हणून अध्यक्ष गेन्इची कावाकामी मोटारसायकलकडे वळले. १ जुलै १९५५ला यामाहा मोटर वेगळी झाली, म्हणजे आरएक्सच्या ३० वर्षं आधी. दोघींच्या बोधचिन्हात तीन स्वरकाटे (ट्यूनिंग फोर्क) आहेत. वाद्यांच्या कंपनीचे काटे वर्तुळाच्या आत राहतात, गाडीवरचे बाहेरच्या कडेला टेकतात. टाकीवर बघा एकदा.

गाडीच्या त्या आवाजामागे, म्हणजे ‘फायरिंग’मागे पियानो नाही, साधं गणित आहे. टू-स्ट्रोकमध्ये इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक. आरएक्सची पूर्ण ११ अश्वशक्ती मिनिटाला ७५०० फेऱ्यांवर मिळते, म्हणजे सेकंदाला १२५ स्फोट. त्याच फेऱ्यांवर फोर-स्ट्रोक हीरो होंडा सीडी १००चे ६२ किंवा ६३ झाले असते. सायलेन्सर लांबुळका आहे तोही सुरासाठी नाही. त्याच्या आकारामुळे दाबाची लाट परत फिरते आणि निसटू पाहणारं पेट्रोल आत ढकलते. आवाज वाढावा म्हणून आतली नळीच काढून टाकणारे हौशी लोक गाडीचा तोल बिघडवतात, वर शेजाऱ्यांच्या शिव्या खातात.

‘अस्सल जपानी डिझाइन’? यामाहाची पहिली गाडी १९५५ची वायए-१, १२५ सीसीची. जपानी लोक तिला लाडाने ‘आकातोम्बो’, म्हणजे लाल चतुर, म्हणत. ती जर्मन डीकेडब्ल्यू आरटी १२५वरून घेतलेली होती. त्याच जर्मन गाडीवरून इंग्लंडात बीएसए बँटम झाली, अमेरिकेत हार्लेनेही तशीच छोटी गाडी काढली. युद्ध हरलेल्या जर्मनीचं डिझाइन सगळ्यांनीच उचललं. यामाहाचं कौतुक पुढे आहे: कंपनी झाल्यावर १० दिवसांत ती फुजी पर्वताच्या चढाईच्या शर्यतीत उतरली आणि १२५च्या गटात पहिली आली.

जपानच्या इंजिनाचं म्हणाल तर सुरुवातीच्या आरएक्स जपानहून आलेले सुटे भाग जोडून तयार झाल्या, हे खरं. पण आज त्या इंजिनात पिस्टन कितव्यांदा बदललाय, बोअर (सिलिंडर आतून घासून मोठा करणं) किती वेळा झालंय, हे जपानच्या शिक्क्यावर लिहिलेलं नसतं. पैसे मोजण्याआधी हेड उघडून बघा.

ऑर्गनशी तिचं एक नातं मात्र मानता येईल. कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मध्ये पातळ पोलादी पत्त्यांची झडप असते, पेट्रोल-हवेचं मिश्रण आत सोडते आणि लगेच मिटते. ऑर्गनमध्येही धातूच्या पातळ पत्त्याच वाजतात, आणि दोन्हीकडे नाव एकच: रीड. आमचा मिस्त्री ती झडप काढून पुसायचा आणि ट्यूबलाइटकडे धरून एक डोळा मिटायचा. पत्तीखालून उजेड दिसला की म्हणायचा, “नवीन टाका, किक खाणार ही.”