काढलं एका दुपारी, मिळाली चौदा महिन्यांनी

न्यू जर्सीकर, नमस्कार.

बेकारीवरच्या माझ्या पोस्टवरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘मंदीत बेकारी वाढते ती भरती थांबल्यामुळे, कपातीचा वाटा नगण्य’ हे माझं वाक्य तुम्हाला झोंबलं. मार्च २००९ मध्ये एका दुपारी एचआरने तुम्हाला बोलावलं, बाजूला सिक्युरिटीवाला, हातात खोका. आणि हा घरबसल्या आकडे मोडणारा म्हणतो नगण्य! राग रास्त आहे. पण त्याच प्रतिक्रियेत खाली तुम्हीच लिहिलंय, की पुढची नोकरी चौदा महिन्यांनी लागली. माझं सगळं म्हणणं त्या चौदा महिन्यांबद्दल आहे.

शाळेतलं हौदाचं गणित आठवा. एक नळ भरतो, दुसरा रिकामा करतो. (दोन्ही एकदम सोडणारा हा शहाणा कोण, असं तेव्हा वाटायचं.) इथे हौद बेकारांचा: कपात त्यात लोक ओतते, नवी भरती बाहेर काढते. समजा, दर महिन्याला नोकरीतल्या शंभरांपैकी २ जणांची नोकरी जाते आणि बेकार शंभरांपैकी ४० जणांना काम मिळतं. हौद स्थिरावतो तेव्हा बेकारी पावणेपाच टक्क्यांच्या आसपास असते. आता २ चे ४ करा, बेकारी ९ टक्के. किंवा २ तसेच ठेवून ४० चे २० करा, तरी तेच ९ टक्के. म्हणजे गणितात दोन्ही नळ तुल्यबळ. मंदीत प्रत्यक्षात कुठला जास्त फिरतो, एवढाच वाद.

तुमच्याच मंदीचे आकडे घ्या. अमेरिकेत २००७ मध्ये महिन्याला पन्नास लाखांहून जास्त लोक कामावर घेतले जात होते. २००९ च्या मध्यावर ते चाळीस लाखांच्याही खाली आले. कपात २००९ च्या सुरुवातीला महिन्याला पंचवीस लाखांपुढे गेली खरी, पण २०१० मध्ये जवळपास पूर्वपदावर आली होती. बेकारी मात्र ऑक्टोबर २००९ मध्ये १० टक्क्यांवर पोचली आणि २०१० भर ९ च्या खाली उतरली नाही. त्या वर्षी दहा बेकारांपैकी चार जण सहा महिन्यांहून जास्त काळ घरी होते. काढणं पूर्वीइतकं झालं होतं, घेणं नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्या खोक्याइतकी डोळ्यांत भरत नाही. मंदीत आपणहून राजीनामा देणारे कमी होतात. एरवी कोणी सोडून गेला की त्याची खुर्ची रिकामी होते, ती भरायला दुसऱ्याची सोडते, अशी साखळी चालू राहते. माझ्या तेव्हाच्या ऑफिसात त्या वर्षी एकालाही काढलं नाही. दोघं गेले, एक निवृत्त झाली. तिन्ही जागांपुढे एक्सेल शीटमध्ये ‘होल्ड’ लिहिलं होतं; दीड वर्षाने पाहिलं तर त्या ओळीच उडवलेल्या. बातमी कसली होणार त्याची? पण त्या तीन खुर्च्यांपैकी एक तुमची असू शकली असती.

आता तुमचं जे बरोबर आहे ते. ‘नगण्य’ हा शब्द चूक होता. मी विसंबलो अर्थतज्ज्ञ रॉबर्ट शायमर यांच्यावर. १९४८ पासूनचे अमेरिकी आकडे घेऊन त्यांनी मांडलं, की बेकारीच्या चढउतारातला सुमारे तीन चतुर्थांश वाटा नोकरी मिळण्याच्या दराचा. पण एक चतुर्थांश म्हणजे नगण्य नव्हे. शिवाय एल्सबी, मायकेल्स आणि सोलन या अर्थतज्ज्ञांनी २००९ मध्ये तेच आकडे वेगळ्या रीतीने मोजले तेव्हा कपातीचा वाटा बराच वाढला, विशेषतः मंदीच्या पहिल्या महिन्यांत. आधी कपातीचा नळ सुटतो, भरतीचा मागाहून आवळला जातो आणि मग आवळलेलाच राहतो. एप्रिल २०२० मध्ये बेकारी १४.८ टक्क्यांवर गेली ती तर जवळजवळ निव्वळ कपातीची. पण त्यातले बहुतेक तात्पुरते घरी बसवलेले होते, म्हणून आकडा झपाट्याने उतरला.

‘हे जुनं झालं’ असंही तुम्ही म्हणता. २०२३ आणि २०२४ पाहा. सुरुवातीला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असलेली बेकारी दीड वर्षात ४ च्या वर गेली. देशभराची कपात फारशी वाढलेली नव्हती, आटली होती भरती. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावरच्या आपल्या मुलांना नोकरी गेल्यावर दुसरी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. कपातीचं पत्र त्यांना २०२१ मध्ये आलं असतं तर साठ दिवस पुरले असते. २०२४ मध्ये त्यातले बरेच दिवस पहिल्या इंटरव्ह्यूलाच जायचे.

पोस्टमध्ये ‘नगण्य’वर काट मारून ‘कमी, पण आधी येणारा’ असं केलंय. जुना शब्द दिसेल असाच ठेवलाय, नाहीतर तुमची प्रतिक्रिया वाचणाऱ्याला कळणार नाही तुम्ही कशावर चिडला होतात.