कौले उतरवणारा भाटकार रंगमंचावर हवाच

गेले दोन आठवडे गोव्यातील मराठी नाट्यमंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे की जत्रेच्या नाटकांत खलनायकाने क्रूर कृत्ये करू नयेत, कारण मुले ती शिकतात. अशी कृत्ये लिहिणाऱ्याच्या मनातच विकृती असते. आपल्या परंपरेत असले काही नव्हते. आणि दुष्टपणा नुसता सुचवला तरी पुरतो. एरवी मी असले संदेश वाचून सोडून देतो. हा माझ्या भाचीपर्यंत पोचला, म्हणून लिहितो आहे.

डिचोली तालुक्यातील आमच्या गावच्या जत्रेसाठी तिने नाटक लिहिले आहे. त्यातला भाटकार, म्हणजे जमीनमालक, त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा मुंडकार घर सोडत नाही म्हणून, ऐन आषाढात माणसे लावून त्याच्या घरावरची कौले उतरवतो. आत दहा दिवसांची बाळंतीण आहे. पाणी आधी चुलीत शिरते, मग बाजेवर गळू लागते, आणि ती बाळावर सूप धरून रात्रभर बसून राहते. संदेश वाचल्यावर समितीतील काहींनी हा प्रवेश गाळायला सांगितले. "मामा, मग भाटकाराने नुसते डोळे वटारायचे का?" असे तिने मला विचारले.

परंपरेचा मुद्दा तर उत्तर देण्याच्याही लायकीचा नाही. कंसाने देवकीची सहा अर्भके मारली, ही गोष्ट गोकुळाष्टमीला आपण लहान मुलांनाच सांगतो. सोळा हजार स्त्रियांना डांबणाऱ्या नरकासुराची प्रतिमा याच गोव्यात वाड्यावाड्यांवर रात्रभर जागून उभी केली जाते आणि नरक चतुर्दशीच्या पहाटे जाळली जाते. त्याने काहीच केले नसते, तर जाळायचे कशासाठी?

मुले शिकतात म्हणणाऱ्यांनी 'कीचकवध' आठवावे. खाडिलकरांचे हे नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले. सैरंध्रीवर हात टाकू पाहणाऱ्या मदांध कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसू लागला आणि १९१० मध्ये इंग्रज सरकारने नाटकावर बंदी घातली. कीचकाला पाहून लोक बायकांची अब्रू घेऊ लागतील, अशी चिंता त्या सरकारला नव्हती. लोक भीमाकडून काय शिकतील, याची धास्ती त्याला होती. कीचकाचे कृत्य गाळले असते तर त्याचा वध हा केवळ एक खून उरला असता आणि सरकारही निश्चिंत झोपले असते. खलनायकाच्या हातून काही घडूच नये असे म्हणणारे नकळत त्याच्याच सोयीचे बोलत असतात.

मला खरा संताप आला तो लेखकाच्या विकृतीच्या मुद्द्याचा. तो वाचून आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी माझ्या बहिणीला घरी येऊन विचारले की पोरीच्या डोक्यात असले येते कुठून. बहीण त्या रात्री जेवली नाही, आणि भाचीने आठवडाभर वही उघडली नाही. एका तरुण मुलीच्या बाबतीत असे बोलताना जीभ अडखळायला हवी होती. तिला हे सुचले ते तिच्या आजीमुळे, म्हणजे माझ्या आईमुळे. आई मुंडकाराच्या घरात वाढली. शेजारच्या घराची कौले उतरवली गेली ती रात्र ती मरेपर्यंत सांगत असे, आणि सांगताना दर वेळी छपराकडे बघत असे. मुंडकारांना घरातून हुसकावले जाऊ नये यासाठी गोव्यात १९७५ साली कायदा करावा लागला, तो कोणा लेखकाच्या विकृत कल्पनेमुळे नव्हे. आज भाटकाराला त्या कृत्यातून मोकळे केले, तर सूप धरून बसलेली ती बाई कशासाठी भिजली, हे प्रेक्षकाला कोण सांगणार?

राहिला सूचकतेचा मुद्दा. त्यात थोडे तथ्य आहे, हे मला कबूल करावे लागते. युद्ध, मरण, नगराचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकातून, म्हणजे दोन अंकांमधल्या छोट्या निवेदनवजा प्रवेशातून, कळवाव्यात, असे भरताच्या नाट्यशास्त्रातच सांगितले आहे, आणि लाल रंगाच्या बाटल्या ओतून टाळ्या मिळवणारी मंडळे मलाही आवडत नाहीत. परंतु भरताने झाकायला सांगितले ते डोळ्यांपासून. कथेतून ती गोष्ट पुसायला त्याने सांगितलेले नाही. भाचीच्या प्रवेशातही कौले उतरताना दिसत नाहीत, पडद्यामागून एकेक कौल फुटल्याचा आवाज तेवढा येतो. समितीने संहिता नीट वाचली असती तर हे कळले असते.

जत्रेला पाच आठवडे उरले आहेत. संदेशानंतर भाटकाराची भूमिका करायला कोणी तयार होईना, तेव्हा ती मी घेतली आहे. आवाजासाठी गोठ्यावरची जुनी मंगळुरी कौले काढून ठेवली आहेत, आणि सोमवारपासून त्याच प्रवेशाची तालीम सुरू होईल.