बशीतला जंतू आणि रक्तातला जंतू

“अँटिबायोटिक्सना दाद न देणारा एमआरएसए हा जंतू टी ट्री तेलाने मरतो. लवंग, निलगिरीचं तेलही चालतं. जंतूंना तेलाची सवय होत नाही, अपाय काहीच नाही. औषध कंपन्या हे दडवतात.” हा मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. जखम चिघळलेल्या घरात तो पोचला तर काय होईल, या काळजीने लिहितो आहे.

तेलाने एमआरएसए मरतो हे खरं आहे, पण प्रयोगशाळेतल्या बशीत. तिथे टी ट्री तेल (एका ऑस्ट्रेलियन झाडाच्या पानांचं तेल) साधारण अर्धा टक्का लागतं. प्रौढ माणसाच्या अंगात पाचेक लिटर रक्त असतं. त्याचा अर्धा टक्का म्हणजे 25 मिलिलिटर तेल. तेवढं तेल रक्तात घालणं म्हणजे विषप्रयोगच. याच जंतूची वाढ थांबवायला व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक सहसा लिटरमागे एक-दोन मिलिग्रॅम पुरतं. सगळा प्रश्न या मात्रेचा आहे, आणि मेसेजमध्ये मात्रेचा उल्लेखच नाही.

दडवादडवीचं म्हणाल, तर माणसांवरच्या चाचण्या छापून आलेल्या आहेत. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत नाकातला एमआरएसए मुपिरोसिन या अँटिबायोटिक मलमाने 78 टक्के रुग्णांत गेला, टी ट्री क्रीमने 47 टक्क्यांत. त्वचेवर मात्र टी ट्रीची कामगिरी क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकापेक्षा सरस होती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण तो उपचार अंगावर वस्ती केलेल्या जंतूंवरचा होता. न्यूमोनिया किंवा रक्तातल्या संसर्गाशी त्याची गल्लत करू नये.

‘सवय होत नाही’ हे चूक. स्यूडोमोनास हा जंतू आत शिरलेले तेलाचे घटक पंपासारख्या प्रथिनांनी बाहेर फेकतो. कित्येक अँटिबायोटिक्सही तो याच पंपांनी बाहेर टाकतो.

राहिला अपायाचा मुद्दा. दुखऱ्या दाताला लवंग तेलाचा बोळा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लावतात, दंतवैद्यही त्यातलं युजेनॉल वापरतात. पण तेच तेल 5 ते 10 मिलिलिटर पोटात गेल्याने दोन वर्षांचं मूल बेशुद्ध पडल्याची आणि त्याच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे. निलगिरी तेल प्यायल्याने मुलांना झटके येऊ शकतात.

वनस्पतींपासून औषध होतंच. मलेरियावरचं आर्टेमिसिनीन तसंच मिळालं आणि त्यासाठी चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना 2015 चं नोबेल मिळालं. पण त्यांनी घटक वेगळा काढला, त्याची परीक्षा घेतली. जखमेभोवती लाली पसरतेय, ताप चढतोय, तर बाटली बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. पू तपासायला द्यायचा का, हेही विचारा; कोणतं औषध लागू पडेल ते त्यातून कळतं.