तक्रार शेजारच्या रुग्णालयाने करायची

एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातलं एक मोठं धर्मादाय रुग्णालय महाराष्ट्रभर चर्चेत आलं. जुळी बाळं पोटात असलेल्या बाईला दाखल करून घेण्याआधी १० लाखांची अनामत मागितली, असा आरोप होता. ती दुसऱ्या रुग्णालयात बाळंत झाली आणि नंतर दगावली. त्या आठवड्यात इथे शिकागोच्या उपनगरांतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲपवर एकच सूर होता: "अमेरिकेत असं होऊच शकत नाही." मी इथल्या एका रुग्णालयात नियमपालनाच्या विभागात काम करते. मला गप्प राहवलं नाही. होत होतं की! याच शहरात, आणि सर्रास.

पुण्यात "ससूनला न्या" म्हणतात, तसं १९८० च्या दशकात इथे "काउंटीला न्या" म्हणायचे. कुक काउंटी हे शिकागोचं सरकारी रुग्णालय. तिथल्या डॉक्टरांनी इतर रुग्णालयांतून धाडल्या गेलेल्या ४६७ रुग्णांची पाहणी १९८६ मध्ये छापली. त्यांतल्या ८७ टक्के रुग्णांना पाठवण्याचं कारण एकच, पुरेसा विमा नाही. जवळपास चौथा हिस्सा पोचला तेव्हा त्यांची प्रकृती स्थिरसुद्धा नव्हती. त्याच वर्षी अमेरिकी संसदेने 'एम्टाला' हा कायदा केला: आपत्कालीन विभागात जो येईल त्याला आधी तपासा, प्रकृती स्थिर करा, पैशांचं नंतर बघा. कळा सुरू झालेल्या बाईचा उल्लेख त्यात वेगळा आणि स्पष्ट आहे. भिंतीवर तशी पाटीही लावावी लागते.

पण पाटीने कुणी सुधारत नाही. सुधारायला लावते ती कटकट, आणि ती कटकट हेच माझं रोजचं काम. आमच्या नोंदणी खिडकीवरची मुलगी नाव आणि जन्मतारीख विचारते. विम्याचं कार्ड विचारलं तरी चालतं, पण त्यापायी तपासणी एक मिनिटही अडता कामा नये. म्हणून आमच्याकडे कार्ड नंतरच, रुग्णाच्या खाटेपाशी जाऊन मागतात. एक रजिस्टर असतं. आलेल्या प्रत्येकाची त्यात एक ओळ: कधी आला, कशासाठी आला, पुढे काय झालं. दाखल, घरी, दुसरीकडे रवाना, उपचारांना नकार. वाट बघून कंटाळून निघून गेला, त्याचीही ओळ. दुसरीकडे पाठवायचं तर समोरच्या रुग्णालयाचा होकार हवा, कागद सोबत हवेत, आणि धोक्यापेक्षा फायदा जास्त आहे अशी डॉक्टरची सही हवी.

सगळ्यांत खमकं कलम मात्र वेगळंच आहे. अस्थिर रुग्ण आपल्याकडे नियम डावलून ढकलला गेला असा संशय आला, तर घेणाऱ्या रुग्णालयाने ७२ तासांत सरकारला कळवायचं. नाही कळवलं तर तेही दोषी. म्हणजे तक्रारीचा भार सुतकात बसलेल्या घरच्यांवर नाही. कळवणाऱ्या कर्मचाऱ्यावर सूड उगवायलाही मनाई आहे. दंड मोठ्या रुग्णालयाला प्रत्येक चुकीमागे लाखभर डॉलरच्या वर जातो. त्याहून मोठी भीती मेडिकेअरची. हा वृद्धांचा सरकारी विमा. त्याचे पैसे बंद झाले तर बहुतेक रुग्णालयांना टाळंच लागेल. तसं प्रत्यक्षात क्वचितच होतं, पण नोटीस आली की वरपासून खालपर्यंत सगळ्यांची झोप उडते.

तरीही पळवाटा निघाल्याच. १९९८ मध्ये शिकागोच्या रेव्हन्सवूड रुग्णालयाच्या दारापासून काही पावलांवर गोळी लागलेला १५ वर्षांचा मुलगा रक्तबंबाळ पडला होता. कर्मचारी बाहेर आले नाहीत, कारण बाहेर जायचं नाही असा रुग्णालयाचाच नियम होता. तो मुलगा गेला. पुढे मुख्य इमारतीपासून २५० यार्डांपर्यंतचा रुग्णालयाचा आवारही कायद्याच्या कक्षेत आला.

आता घरचं बघू. कायदा नाही म्हणून गळा काढणाऱ्यांना माझं सांगणं आहे की कायदे भरपूर आहेत. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरने आधी जीव वाचवायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सांगितलं. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी आपत्कालीन रुग्णाला ताबडतोब दाखल करून घ्यायचं असतं. महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नियमांतही २०२१ च्या दुरुस्तीने रुग्ण हक्कांची सनद आली. पण तक्रार करायची कुणी? नातेवाइकांनी. "ऑन रिस्क घेऊन जातो" अशी त्यांचीच सही आधी घेतलेली असते. "बेड नाही" हे तोंडी सांगितलेलं असतं, त्याचा कागद कुठेच नसतो. कोणतं रुग्णालय कुठल्या अवस्थेत रुग्ण पाठवतं, हे ससूनच्या किंवा केईएमच्या निवासी डॉक्टरला विचारा, तोंडपाठ सांगेल. त्याने ते लिहून कुणाला द्यावं अशी सक्ती मात्र नाही. मग उरतं काय, तर रुग्णालयाबाहेर निदर्शनं, शाई, तोडफोड, चौकशी समिती आणि पुढच्या प्रकरणापर्यंत शांतता.

डॉक्टर विचारतात, फुकट उपचारांचे पैसे कोण देणार? प्रश्न रास्त आहे. राजस्थानात २०२३ च्या आरोग्य हक्क कायद्याविरुद्ध खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले, ते मुख्यतः याच मुद्द्यावर. आणि इथे अमेरिकेची री ओढू नका, कारण अमेरिकेने हा प्रश्न सोडवलेलाच नाही. एम्टाला दार उघडायला लावतो, पैसे देत नाही. विमा नसलेल्याला घरी गेल्यावर बिल येतं, मग वसुलीवाल्यांचे फोन. अनपेक्षित बिलांविरुद्ध २०२२ पासून कायदा लागू झाला, त्यातूनही रस्त्यावरची अँब्युलन्स वगळलेली आहे. आमच्या व्हॉट्सॲपवर हे कुणी लिहीत नाही.

भारतात रस्ते अपघातासाठी मे २०२५ पासून सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या रोकडविरहित उपचारांची केंद्राची योजना आहे. रुग्णालयाला पैसे मिळण्याची सोय असेल तर अनामतीची सबब उरत नाही, हे सरकारला कळतं, याचा तो पुरावाच. मग अपघातात सापडलेल्याला जी सोय, ती अडलेल्या बाळंतिणीला आणि हृदयविकाराचा झटका आलेल्याला का नाही? पैशांची ही तरतूद व्हायला वेळ लागेल, कबूल. पण आलेल्या आणि परत पाठवलेल्या प्रत्येकाची एक ओळ, आणि घेणाऱ्या रुग्णालयाने ७२ तासांत महापालिकेला कळवायची सक्ती, याला तिजोरी लागत नाही. एक अधिसूचना पुरेल.